तिकीट काढून आलेला परीक्षक : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या महिन्याच्या सुट्टी विशेषांकातील मनोरंजन उद्यानांवरील लेखात एक ओझरता उल्लेख आला होता. मोठी उद्याने आपली सेवा जोखण्यासाठी चारचौघांसारख्या दिसणाऱ्या माणसांना तिकीट काढून आत पाठवतात, आणि ही माणसे दिवसभर हिंडून-फिरून, खाऊन-पिऊन घरी गेल्यावर सविस्तर अहवाल लिहितात, असे त्यात म्हटले होते. या ‘मिस्टरी शॉपिंग’विषयी कोल्हापूर शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली. त्यांतील काही निवडून येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न : मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्या व्हॉट्सॲपवर एक संदेश आला आहे. मुंबई-पुण्याकडील पार्कमध्ये फुकट जायचे, अहवाल द्यायचा आणि प्रत्येक भेटीचे पैसे घ्यायचे, असे काम असून त्यासाठी ओळखपत्राचे २,००० रुपये आधी भरावे लागतील, असे त्यात लिहिले आहे. असे काम खरोखर असते का? पैसे भरू का? (राजारामपुरी)

उत्तर : पैसे भरू नका. काम खरे असते, पण ते देणारा माणूस काम करणाऱ्याकडून नोंदणीचे, ओळखपत्राचे किंवा ‘प्रशिक्षणाच्या किट’चे पैसे मागत नाही. त्याचे पैसे उद्यानाकडून येतात. जो आधी आपल्याकडे हात पसरतो, त्याचा धंदा वेगळाच असतो.

या फसवणुकीचा दुसरा प्रकार अधिक धूर्त आहे. त्यात आधी टेलिग्रामवर ‘या पार्कला पाच तारे द्या’ असे सांगून खरोखरच शंभर-दीडशे रुपये खात्यात टाकतात, विश्वास बसला की ‘मोठे काम हवे असेल तर आगाऊ रक्कम भरा’ म्हणतात, आणि मग ती रक्कम सोडवण्यासाठी आणखी रक्कम, असा फास आवळत नेतात. तारे देण्याच्या त्या उद्योगाचा मिस्टरी शॉपिंगशी काडीचाही संबंध नाही. कोणी पैसे भरून बसले असेल, तर १९३० या सायबर फसवणुकीसाठीच्या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी. रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरण्याआधी तक्रार पोहोचली, तर ती गोठवली जाण्याची शक्यता राहते.

आता खऱ्या कामाविषयी. अमेरिकेत १९४० च्या दशकात दुकाने आणि बँका यांनी आपले कर्मचारी गल्ल्यातील पैशांशी प्रामाणिक आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी अनोळखी ग्राहक पाठवायला सुरुवात केली, आणि ‘मिस्टरी शॉपिंग’ हे नाव तेव्हाच रूढ झाले. पुढे चोरी पकडण्याचा हेतू मागे पडला आणि सेवा मोजण्याचा हेतू पुढे आला. आज उद्यान एखाद्या संशोधन संस्थेला काम देते, संस्था आपल्या यादीतील माणूस निवडते, त्याला कोणत्या दिवशी कोणत्या वेळेत जायचे, काय खायचे, कोणाला काय विचारायचे याचे टिपण आणि लांबलचक प्रश्नावली पाठवते. तिकीट आणि जेवण यांचे पैसे बहुधा आधी स्वतःच्या खिशातून घालायचे असतात, बिले जोडली की ते परत मिळतात, आणि वर ठरलेला मोबदला मिळतो. अहवाल साधारणपणे एका दिवसाच्या आत द्यावा लागतो, कारण दोन दिवसांनी माणसाला रांगेत किती वेळ गेला हे आठवत नाही, रांगेचा कंटाळा तेवढा आठवतो.

यावर घर चालेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. कोल्हापूरहून खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जायचे, तर पहाटे निघून एका दिवसात परत येणे जिवावर येते, आणि मोबदल्यातून प्रवासखर्च वजा केला तर हाती फारसे काही उरत नाही. शिवाय उद्यानाची कामे थोडी आणि इच्छुक फार, असाच हा प्रकार आहे. आपल्या शहरात बसून करायचे झाल्यास वाहनांची शोरूम, पेट्रोल पंप, बँका, कपड्यांची दालने अशी कामे मिळण्याचा संभव अधिक आहे. बी.कॉम.च्या विद्यार्थ्याला हे सांगायची गरज नसावी, पण मिळालेला मोबदला उत्पन्नात दाखवावा लागतो.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी दोघेही शिक्षक आहोत. उत्तरपत्रिका तपासण्यात आयुष्य गेले, त्यामुळे हे काम आम्हाला जमेल असे वाटते. उद्यानात गेल्यावर हा गुप्त ग्राहक नेमके काय पाहतो, आणि कोणाच्या लक्षात न येता लिहून कसे ठेवतो? (शाहूपुरी)

उत्तर : उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माणसाला या कामात एक सवय मोडावी लागते, ती म्हणजे गुण देण्याची. आपले काम काय घडले ते लिहिण्याचे आहे. ते चांगले की वाईट, हे ठरवणारी माणसे दुसरी असतात.

काम फाटकाच्या बऱ्याच आधी सुरू होते. जाण्यापूर्वी एक-दोन दिवस उद्यानाच्या चौकशी क्रमांकावर फोन करायला सांगतात. फोन कितव्या घंटीला उचलला, मराठीत विचारल्यावर मराठीत उत्तर मिळाले का, सात वर्षांच्या मुलीला कोणकोणत्या राइडवर बसता येईल या प्रश्नाला नेमके उत्तर मिळाले की ‘या तुम्ही, सगळं आहे’ असे सांगून बोळवण केली, याची नोंद करायची. मग प्रत्यक्ष दिवशी वाहनतळ, तिकिटाची खिडकी, सामानाचे लॉकर असा क्रम लागतो. तिकिटाच्या खिडकीवर पाहण्याची एक महत्त्वाची गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. त्या दिवशी दुरुस्तीसाठी बंद असलेल्या राइडची माहिती पैसे घेण्याआधी दिली का? पूर्ण तिकिटाचे पैसे मोजून आत गेल्यावर दोरी बांधलेली मोठी राइड दिसली, की माणसाचा दिवस तिथेच नासतो, आणि पुढे कितीही आदबीने वागले तरी तो सुधारत नाही.

राइडच्या रांगेत घड्याळ हेच मुख्य साधन असते. फलकावर ‘येथून ३० मिनिटे’ असे लिहिले आहे, तर प्रत्यक्षात किती लागली? गाडी दर किती वेळाने सुटते? किती आसने रिकामी गेली? या तीन नोंदींतून व्यवस्थापनाला जे कळते, ते शंभर अभिप्रायांतून कळत नाही. समजा, एका गाडीत २४ आसने आहेत आणि दर ९० सेकंदांनी एक गाडी सुटते. तासाला ४० फेऱ्या झाल्या, म्हणजे ९६० माणसे. पट्टे लावणारा एक माणूस जेवायला गेला आणि तेच अंतर दोन मिनिटांवर आले, तर तासाला ३० फेऱ्या आणि ७२० माणसे. आपल्यापुढे ४८० जण उभे असतील, तर पहिल्या हिशेबाने अर्धा तास लागतो आणि दुसऱ्या हिशेबाने चाळीस मिनिटे. रांगेतला माणूस ‘इथे फार गर्दी असते बुवा’ म्हणून घरी जातो, पण गर्दी तेवढीच होती, कमी पडला तो एक माणूस. हे अहवालातील वेळांवरूनच उमगते.

उलट दिशेनेही वेळ मोजावा लागतो. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी सुरू झाले आणि वॉल्ट डिस्ने स्वतः तिथल्या गर्दीतून हिंडत असत. ‘जंगल क्रूझ’ या नौकेच्या फेरीला सात मिनिटे लागायला हवीत, पण त्यांना ती साडेचार मिनिटांत फिरवून आणले गेले. पाणघोडे होते की गेंडे हेही धड कळले नाही, असे सुनावून त्यांनी संबंधितांना फैलावर घेतले, आणि तिथून नौका चालवणाऱ्यांना घड्याळ लावून पुन्हा शिकवण्यात आले. मालकच गुप्त ग्राहक झाल्याचे हे उदाहरण आहे. पण मालकाला सगळे ओळखू लागले की हा मार्ग बंद होतो, म्हणून अनोळखी माणसे पाठवावी लागतात.

स्वच्छतागृहात दिवसातून एकदा डोकावून भागत नाही. सकाळी अकराला सगळीच स्वच्छतागृहे लखलखीत असतात. खरी परीक्षा दुपारी चारला असते, जेव्हा ओल्या कपड्यांतली मुले, चिखलाचे पाय आणि थकलेला सफाई कामगार एकाच वेळी तिथे असतात. म्हणून एकाच ठिकाणी दोनदा जाऊन दोन्ही वेळा नोंदवाव्यात. खाद्यपदार्थांच्या खिडकीवर बिल हातात पडल्यापासून ताट हातात येईपर्यंतचा वेळ पाहायचा, आणि एका ठिकाणी मुद्दाम रोख पैसे देऊन बिल न मागता मिळते का हे पाहायचे. मिस्टरी शॉपिंगचा मूळ हेतू इथे अजून टिकून आहे.

आता लिहिण्याविषयी. कर्मचाऱ्यांसमोर वही-पेन काढणे म्हणजे पाटी गळ्यात अडकवून फिरणे. मोबाइल मात्र आज प्रत्येकाच्याच हातात असतो, त्यामुळे स्वतःच्याच क्रमांकावर लहान संदेश पाठवत राहावे. संदेशावर वेळ आपोआप उमटते, बिलावरही वेळ असते, आणि या दोन्ही वेळा जुळल्या म्हणजे अहवालाला आधार मिळतो. कर्मचाऱ्यांचे चोरून चित्रण किंवा ध्वनिमुद्रण करू नये. संस्थेने लेखी सांगितले असेल तेवढेच करावे, आणि स्वच्छतागृहे किंवा कपडे बदलण्याच्या खोल्यांच्या आसपास तर मोबाइल खिशातून काढूच नये, कारण तिथे हेतू कितीही शुद्ध असला तरी गुन्ह्याच्या तक्रारीला सामोरे जावे लागेल.

‘लॉकरवरचा कर्मचारी उद्धट होता’ असे वाक्य अहवालात आले, तर चांगली संस्था ते परत पाठवते. त्याऐवजी असे लिहावे : ‘दुपारी १२.४० वाजता लॉकरच्या खिडकीशी पोहोचलो. माझ्यापुढे तीन जण होते. १२.५२ वाजता माझा क्रमांक आला. खिडकीतील व्यक्तीने मान वर न करता “सुटे द्या” असे म्हटले. अनामत रक्कम परत कुठे मिळेल, असे विचारल्यावर भिंतीवरील फलकाकडे बोट दाखवले. फलक फक्त इंग्रजीत होता.’ आता वाचणाऱ्याला कळते की तीन माणसांना बारा मिनिटे लागत आहेत, सुट्या पैशांची टंचाई आहे, आणि फलक मराठीत नाही म्हणून तोच प्रश्न दिवसभर प्रत्येक जण विचारत असणार. त्या कर्मचाऱ्याने मान वर का केली नसेल, याचेही उत्तर त्यातच आहे. आणि ‘एकदम नादखुळा’ हा आपल्याकडचा सर्वोच्च शेरा कितीही मनापासून आला, तरी अहवालात चालत नाही.

प्रश्न : उद्यानात मूल हरवल्याचे सोंग करून कर्मचारी काय करतात ते पाहतात, असे ऐकले. हे खरे का? शिवाय आमच्या ९ वर्षांच्या मुलाला बरोबर नेऊन, उंचीच्या नियमाची परीक्षा म्हणून मोठ्या राइडच्या रांगेत उभे करावे का? (कागल)

उत्तर : दोन्हीही करू नये. मूल हरवल्याची खोटी हाकाटी झाली की उद्यानाची फाटके रोखली जातात, सुरक्षारक्षक आपली जागा सोडून धावतात, जीवरक्षकाचे लक्ष पाण्यावरून उडते, आणि त्याच दहा मिनिटांत दुसरीकडे खरेच कोणी अडचणीत असू शकते. जबाबदार संस्था असे काम देत नाही. ती फार तर एवढे सांगते की, कुठल्याही कर्मचाऱ्याला सहज विचारावे, ‘एवढ्या गर्दीत मुलाची चुकामूक झाली तर कुठे जायचे?’ ज्याला प्रशिक्षण मिळाले आहे तो जागा दाखवतो, मुलाच्या मनगटावर पालकाचा मोबाइल क्रमांक लिहिलेली पट्टी बांधून घ्या म्हणतो. ज्याला मिळालेले नाही तो ‘तिकडे ऑफिसला विचारा’ म्हणतो. आपल्याला हवी असलेली माहिती एवढ्यात मिळून जाते.

उंचीचेही तसेच आहे. मोठ्या राइडना उंचीची अट असते, कारण आडवा दांडा किंवा खांद्यावरून येणारा जोखड ठरावीक बांध्याच्या माणसालाच नीट अडवून धरतो. लहान मूल त्यातून निसटू शकते. आपले मूल कमी उंचीचे असेल, तर त्याला पुढे करून परीक्षा घेणे म्हणजे कर्मचाऱ्याची चूक होण्याची वाट पाहणे, आणि ती झालीच तर भोगायचे आपल्या मुलाने. रांगेतील इतर मुलांना पट्टीशी उभे करतात का, एवढे शांतपणे पाहावे. बूट-चपला काढून मोजतात की तसेच, हेही टिपावे.

प्रश्न : गुप्त ग्राहकांच्या अहवालात उद्यानाला चांगले गुण मिळाले, तर ते सुरक्षित आहे असे समजावे का? (इचलकरंजी)

उत्तर : समजू नये. पाळण्याचे जोडकाम, गाडीचे ब्रेक, पोलादातील बारीक तडे, विजेचे भूयोजन (अर्थिंग) यांतले काहीही तिकीट काढून आलेल्या माणसाला दिसत नाही. त्यासाठी अभियंत्यांची ठरावीक मुदतीची तपासणी, दररोज फाटक उघडण्यापूर्वीच्या रिकाम्या फेऱ्या आणि त्यांची सहीनिशी नोंदवही लागते. पाण्यातील क्लोरिनचे प्रमाणही डोळ्यांनी कळत नाही.

दिसते ते माणसांचे वागणे, आणि तेही कमी महत्त्वाचे नाही. कर्मचारी प्रत्येक आसनाचा दांडा हाताने ओढून पाहतो की रांगेच्या कडेने चालत नुसती नजर टाकतो? गाडी सोडण्याआधी दोन्ही बाजूंचे सहकारी एकमेकांना हाताने खूण करतात का? जीवरक्षक पाण्याकडे पाहतो की मोबाइलकडे? जलउद्यानांच्या क्षेत्रात १०/२० अशी एक कसोटी प्रसिद्ध आहे. जीवरक्षकाने आपल्या वाट्याच्या पाण्यावरून १० सेकंदांत नजर फिरवावी आणि संकटात सापडलेल्यापर्यंत पुढच्या २० सेकंदांत पोहोचावे. परदेशात यासाठी जीवरक्षकांच्या नकळत त्यांचे निरीक्षण करणारे स्वतंत्र तज्ज्ञ येतात. आपल्यासारख्या सामान्य पाहुण्याला सेकंद मोजता आले नाहीत, तरी मान फिरते आहे की नाही हे दिसतेच. तळ्याच्या सर्वांत खोल भागाचा तळ काठावरून स्पष्ट दिसतो का, हेही पाहावे. गढूळ पाण्यात बुडालेला माणूस वरून दिसत नाही.

बंदिस्त जागेत, म्हणजे मॉलमधील किंवा पत्र्याच्या शेडमधील खेळांच्या ठिकाणी, बाहेर पडण्याचे मार्ग आधी पाहावेत. मे २०२४ मध्ये राजकोटमधील गेम झोनला लागलेल्या आगीत मुलांसह अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर तरी ‘बाहेर’ असा दिवा लावलेल्या दारामागे खुर्च्या आणि खोकी रचलेली आहेत का, हे पाहायला कोणी तज्ज्ञ लागू नये.

डोळ्यांसमोर धोका दिसला, तर गुप्तता बाजूला ठेवावी. दांडा न अडकता गाडी निघत असेल तर हात वर करून ‘थांबवा’ म्हणून ओरडावे, आणि नंतर पाळीच्या व्यवस्थापकाला भेटून आपण कोण आहोत ते सांगावे. अहवाल बाद झाला, मोबदला गेला, तर जाऊ दे.

प्रश्न : मी एका वॉटर पार्कमध्ये चार वर्षे काम करतो. नाव छापू नये. गेल्या उन्हाळ्यात कोणीतरी असा ग्राहक येऊन गेला आणि ‘स्मितहास्य केले नाही’ एवढ्या शेऱ्यावर माझ्या पगारातून रक्कम कापली. त्या दिवशी मी सकाळी नऊपासून उन्हात उभा होतो. आमच्यावर अशी पाळत ठेवणे योग्य आहे का? (करवीर तालुका)

उत्तर : आपल्यावर अन्याय झाला आहे, असे मला वाटते, आणि तो मिस्टरी शॉपिंगमुळे जितका झाला, त्याहून अधिक ते कसे वापरावे हे न कळल्यामुळे झाला.

बाजार संशोधनाच्या क्षेत्रात १९४७ पासून काम करणारी ‘एसोमार’ ही आंतरराष्ट्रीय संघटना आणि मिस्टरी शॉपिंग करणाऱ्या संस्थांची ‘एमएसपीए’ ही संघटना यांची आचारसंहिता आहे. तिचा गाभा असा की, आपल्याकडे अशी पाहणी होत असते, तिचा हेतू काय आणि निष्कर्ष कशासाठी वापरले जातील, हे कर्मचाऱ्यांना आधीच माहीत असावे. कोण येणार आणि केव्हा येणार, एवढेच गुप्त राहावे. आपल्याला हे नोकरीच्या वेळी किंवा नंतर कधी सांगितले होते का? सांगितले नसेल, तर तोच आपला पहिला मुद्दा आहे.

दुसरा मुद्दा एका भेटीच्या मर्यादेचा. मे महिन्यातील रविवारची दुपार आणि ऑगस्टमधील मंगळवारची सकाळ यांत एकच माणूस दोन वेगळे चेहरे दाखवील. एका भेटीवरून त्या दिवसाच्या त्या क्षणाविषयी सांगता येते, माणसाविषयी नाही. अनेक भेटींत, वेगवेगळ्या ग्राहकांना, एकाच ठिकाणी तीच गोष्ट आढळली तर तिला काही अर्थ असतो, आणि बहुतेक वेळा तो अर्थ पाळीच्या वेळापत्रकात, सावलीच्या छत्रीत किंवा पाण्याच्या बाटलीत सापडतो. सकाळी नऊपासून उन्हात उभा असलेला माणूस दुपारी तीनला हसला नाही, यात दुरुस्त करायची गोष्ट त्याच्या चेहऱ्यावर नाही.

आपण व्यवस्थापनाकडे लेखी अर्ज करून अहवालातील आपल्यासंबंधीचा भाग, भेटीची तारीख आणि वेळ मागावी, आणि त्या दिवशीच्या पाळीचा तक्ता सोबत जोडावा. पगारातून रक्कम कापण्याला कायद्याने मर्यादा आहेत. दंड हा ठरवून दिलेल्या, आधी जाहीर केलेल्या कारणांसाठीच आणि म्हणणे मांडण्याची संधी देऊनच करता येतो. अर्जाला दाद मिळाली नाही, तर जिल्ह्याच्या कामगार आयुक्त कार्यालयात विचारणा करावी.

प्रश्न : हायवेलगत आमचे लहान मुलांचे छोटे उद्यान आहे. ट्रॅम्पोलिन, छोटी रेल्वे, पाण्याचे उथळ तळे आणि नाश्त्याची टपरी एवढेच. संस्था नेमणे परवडत नाही, आणि कोल्हापुरात आम्हाला ओळखत नाही असा माणूस सापडत नाही. आमच्यासारख्यांनी काय करावे? (गोकुळ शिरगाव)

उत्तर : ओळखीचा माणूस नको, हे आपले बरोबर आहे. मालकाचा मेहुणा आला की टपरीवरच्या मिसळीत तर्री आपोआप वाढते. म्हणून सांगली, मिरज, निपाणी अशा ठिकाणचे दोन-तीन परिचित निवडावेत, ज्यांना आपले कर्मचारी ओळखत नाहीत. त्यांना तिकिटाचे आणि खाण्याचे पैसे द्यावेत, वर थोडे मानधनही द्यावे. फुकट काम करणारा माणूस भिडेखातर चांगलेच लिहितो.

प्रश्नावली एका पानात मावेल एवढीच असावी, आणि होय-नाही, वेळ किंवा संख्या यांत उत्तर देता येईल असेच प्रश्न त्यात असावेत. ‘ट्रॅम्पोलिनवर एका वेळी किती मुले होती?’, ‘तळ्याजवळ मोठे माणूस उभे होते का, कोणत्या वेळी नव्हते?’, ‘जाळीला हात घालता येईल एवढे भोक कुठे दिसले?’ असे. तीन वेगवेगळ्या दिवशी पाहणी करून घ्यावी : एक साधा वार, एक रविवार आणि एक सुट्टीतील गर्दीचा दिवस. नवरात्रात किंवा मे महिन्यात अंबाबाईच्या दर्शनाला बाहेरगावहून आलेली कुटुंबे परतीच्या वाटेवर आपल्याकडे थांबत असतील, तर त्यांच्या गरजा निराळ्या असतात. त्यांच्याबरोबर सामान असते, आजी-आजोबा असतात, आणि मुले खेळत असताना त्या दोघांनी बसायचे कुठे, हा प्रश्न स्थानिक ग्राहकाला सुचणारही नाही. म्हणून पाहणी करणाऱ्यांपैकी एकाने तरी घरातील वयस्कर माणसाला बरोबर न्यावे.

सगळ्या उत्तरांची बेरीज करून शेकडा गुण काढण्याचा मोह टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन. वीसपैकी अठरा गोष्टी उत्तम आणि फाटलेली जाळी व तळ्याजवळ कोणी नाही, या दोन गोष्टी वाईट, तर बेरीज ९० टक्के येते आणि मालक खूश होतो. सुरक्षिततेचे प्रश्न बाजूला काढून त्यांत एक जरी ‘नाही’ आला, तरी त्याच संध्याकाळी दुरुस्ती व्हायला हवी. बाकीच्यांची बेरीज सावकाश करावी.

इंटरनेटवरील ग्राहकांच्या प्रतिक्रियांवर विसंबू नये. तिथे फार खूश झालेला किंवा फार चिडलेला माणूसच लिहितो, आणि जो निमूटपणे निघून जाऊन पुन्हा आलाच नाही, त्याची नोंद कुठेच होत नाही. कर्मचाऱ्यांना मात्र आधी सांगून ठेवावे की, या हंगामात असे कोणी येतील, आणि त्यावरून कोणाचा पगार कापला जाणार नाही. वरचे पत्र आपण वाचलेच असेल.

प्रश्न : एका उद्यानात बाहेरचे पाणी आत नेऊ दिले नाही आणि आतमध्ये छापील किमतीपेक्षा अधिक पैसे घेऊन बाटली दिली. गुप्त ग्राहकाने हे लिहायचे असते का? आमच्यासारख्या साध्या ग्राहकाने काय करावे? (गडहिंग्लज)

उत्तर : अवश्य लिहायचे असते, आणि तेही बाटलीवरील छापील किंमत, घेतलेली रक्कम, खिडकी कोणती आणि बिलात काय दाखवले, अशा चार नोंदींनिशी. कारण इथे कायद्याने एक भेद केला आहे. बसून खाण्याच्या उपाहारगृहात वाढलेल्या बाटलीवर छापील किमतीचे बंधन लागू होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला, कारण तिथे जागा आणि वाढणे या सेवांचे मोलही त्यात येते. परंतु नुसत्या खिडकीवरून हातात बाटली दिली, तर ती साधी किरकोळ विक्री ठरते, आणि छापील किमतीहून अधिक घेणे आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांविरुद्ध आहे. एकाच मालावर उद्यानासाठी वेगळी, वाढीव किंमत छापून घेण्यालाही १ जानेवारी २०१८ पासून मनाई आहे.

बाटलीचे वेष्टन आणि बिल जपून ठेवावे, दोन्हींचा फोटो काढावा, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा वैधमापन शास्त्र विभागाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार द्यावी. बिल मिळालेच नसेल, तर यूपीआयने भरलेल्या रकमेची नोंदही दाखवता येते. त्यामुळे अशा खिडकीवर रोख रक्कम देऊ नये.